शाई फुटणारा कागद

४ जून

प्रिय काका,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही "बरंय, ठेवतो" म्हणून दोन मिनिटांत मोकळे होता, आणि मला जे विचारायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही. शिवाय कागदाच्या माणसाला कागदावरच विचारलेलं बरं.

दप्तरखान्यातल्या नोकरीला आता दोन महिने झाले. आमची दुरुस्तीची खोली लांबट आहे. उंच खिडक्या, तीन टेबलं, कोपऱ्यात पाण्याचे पसरट ट्रे, आणि वह्या दाबून ठेवायचं एक लोखंडी यंत्र, ज्याचा दांडा फिरवताना माझेच पाय जमिनीवरून उचलले जातात. लहानपणी तुम्ही मला चिमटी म्हणायचात, चिमटीत मावेन एवढी होते म्हणून. आता दिवसभर हातात चिमटा घेऊन बसते. तुम्हाला तेव्हाच पुढचं दिसलं होतं की काय कोण जाणे.

मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात एका इस्पितळाच्या जुन्या जन्मनोंदींच्या साठ वह्या आमच्याकडे आल्या. एक पान उजेडात धरलं तर आत बगळा! तुमच्या मिलची खूण. मी एवढ्या मोठ्याने "आमच्या काकांचा कागद!" म्हणाले की शेजारच्या टेबलावरची खळ सांडली. मग अख्ख्या खोलीला सांगितलं, की माझे काका जन्मभर त्या कागदाच्या मिलमध्ये लगद्याच्या हौदावर होते, कानाजवळ कागद फाडून नुसत्या आवाजावरून तो कुठल्या मिलचा ते सांगायचे, आणि मी या कामात आले ती तो आवाज ऐकूनच. आमच्या बाई, म्हणजे या विभागाच्या प्रमुख, कुणाचं कौतुक सहसा ऐकून घेत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग विचारून घ्या त्यांना, हौदात काय काय घालायचे. वर्षवार."

तर काका, सांगा. आम्हाला या वह्यांवर काम करायचंय आणि आत काय आहे ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? काकूला नमस्कार.

तुमची,
चिमटी

ता. क. माझ्या वाढदिवसाच्या पत्रातली तुमची शाई नेहमीसारखी फुटली होती. "प्रकृती" हा शब्द वाचता वाचता माझीच प्रकृती बिघडली. आता तरी पेन बदला.


१३ जून

चिमटीबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तुझ्या काकूने दोनदा वाचायला लावलं, आणि बगळ्याचा भाग तिसऱ्यांदा.

हौदात काय घालायचो विचारतेस, तर बस नीट. नुसता लगदा वाळवला की मिळतो टीपकागद. त्यावर लिहायला गेलीस तर शाई चहूकडे धावते. म्हणून लगद्यात राळ घालायची. राळ पाण्याला जवळ येऊ देत नाही. पण ही राळ धाग्यांवर आपणहून बसत नाही, तिला बसवायला तुरटी लागते. आणि कागदाला अंग यावं, पांढरेपणा यावा म्हणून चिनी माती.

तुरटी किती, इथे हौदवाल्याची परीक्षा. पुस्तकात मापं होती, पण ती मॅनेजरच्या समाधानासाठी. माझा हात तुरटीला सैल. दुसऱ्या पाळ्यांचा कागद दमट हवेत शाई प्यायचा, माझ्या पाळीचा कधीच नाही. कचेऱ्यांतले कारकून नवा गठ्ठा आला की विचारायचे, कुठल्या पाळीचा आहे. तुझी काकू म्हणायची, तुमच्या कागदावर रडलं तरी डाग पडायचा नाही.

मातीचं पोतं उघडलं की चिमूटभर जिभेवर ठेवायची. खरी चिनी माती जिभेला चिकटते, सोडता सोडत नाही. दुसरं काही असेल तर नुसतं पिठासारखं बसतं. दहा पोती आली तर दहाही चाखायचो. डोळे फसतात, सगळीच पांढरी पूड सारखी दिसते. जीभ फसत नाही.

वर्षवार म्हणशील तर मी सव्विसाव्या वर्षी हौदावर आलो, तिथून आठ वर्षं हीच कृती. त्यानंतरचंही साधारण तसंच. आता नीट आठवत नाही. पण तुझ्या बाईंना सांग, या कागदाला शंभर वर्षं काही होत नाही. मी जाईन, बगळा राहील.

पेन जुनं आहे, मीही जुना आहे. दोघांना गळती लागायचीच.

तुझा,
काका


२० जून

प्रिय काका,

तुमचं पत्र मी खोलीत मोठ्याने वाचलं. जिभेचा भाग ऐकून दोघीजणी भांडारात जाऊन मातीचा डबा उघडून आल्या. चिकटते म्हणाल्या.

पण काका, मागच्या पत्रात मी एक गोष्ट सांगितली नव्हती. तुमची "शंभर वर्षं" वाचल्यावर आता गप्प राहणं म्हणजे लबाडी होईल. त्या वह्या मोडताहेत. परवा एक आजी आपल्या लेकीच्या जन्माची नोंद शोधत आल्या. मी पान उलटायला गेले तर ते उलटलंच नाही, कडकन मोडलं. त्यांच्या लेकीचं वजन एका तुकड्यावर आणि जन्मवेळ दुसऱ्यावर. आजी मलाच म्हणाल्या, "असू दे गं, तुझा हात लागून नाही झालं ते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण तुरटी. शाळेत आपण घोकतो, की आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं आणि दोघांचं भांडण मिटतं. जेवणातलं मीठ तसं आहेच. लिटमस त्यात बुडवा, त्याचा रंग ढिम्म बदलत नाही. पण सगळे क्षार असे समजूतदार नसतात. लग्न झालं तरी एखाद्या घरात एकाचंच चालतं, तसं आहे ते. तुरटी जन्मली जबरदस्त सल्फ्युरिक आम्ल आणि एक गरीब आम्लारी यांच्यापासून. पाण्यात गेली की आम्लाची बाजू वर येते. कागद वाळला तरी हवेतला ओलावा असतोच, आणि ते आम्ल वर्षानुवर्षं आतून धागे तोडत राहतं. आमच्याकडे एक दर्शक आहे. गळून पडलेल्या कपचीवर त्याचा थेंब टाकायचा. आम्ल असेल तर पिवळा, नसेल तर निळा. बगळ्याच्या वह्या एकामागून एक पिवळ्या निघाल्या.

यात तुमचा दोष काडीइतका नाही. त्या काळी सगळीकडे असाच कागद व्हायचा आणि हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इलाजही आहे. पानं सुटी करून चुन्याच्या निवळीत बुडवायची. चुना आम्लारी, तो आम्ल मारतो. मोडलेलं जुळत नाही, पण पुढचं मोडणं थांबतं.

आता खरी गंमत. एकतीस नंबरची वही! तोच बगळा, तीच मिल, आणि कागद पांढराशुभ्र, मऊ. कोपऱ्याला मी पन्नास घड्या घातल्या, तुटला नाही. तीस नंबरचा तिसऱ्या घडीला हातात आला. थेंब टाकला, निळा. त्यात अक्षरं जरा पसरलेली आहेत, पण एक पान गेलेलं नाही. बाईंनी ती वही खिडकीपाशी नेली, कितीतरी वेळ चाळली, आणि मला विचारलं, "हा कागद कोणी केला?"

काका, कोणी केला? त्या वहीला निवळी द्यायची की नाही हे आत काय आहे ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही. तुम्ही म्हणता त्या आठ वर्षांच्या शेवटाची आहे असं तारखांवरून वाटतं.

तुमची,
चिमटी


२९ जून

चि. चिमटीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. कागद मोडला म्हणतेस तर कपाटं दमट असतील, ती आधी बघा. एकतीस नंबरचं मला काही ठाऊक नाही. निवळीत बुडवायची तर बुडवा, नाहीतर राहू दे. मिल बंद होऊन जमाना झाला, आता उकरून काय मिळणार आहे?

डोळे दुखतात, त्यामुळे पत्र लांबवत नाही.

काका


७ जुलै

प्रिय काका,

तुम्ही "तुझा" लिहायला विसरलात. म्हणजे रागावला आहात.

मी मूर्ख आहे. माणसाने आयुष्य घालून केलेल्या कामाला, "ते मोडतंय, कारण तुमचा हात सैल होता" असं कुणी तोंडावर सांगतं का? मला वाटलं, तुम्ही कागदाचे डॉक्टर, तुम्हाला रोगाचं नाव ऐकायला आवडेल. तुमचा कागद नसता तर मी आज इथे नसते, हे तेवढं खरं माना आणि बाकीचं विसरा.

एकतीस नंबर मी बाजूला ठेवली आहे. तुम्ही सांगाल तेव्हा सांगा.

तुमचीच,
चिमटी


११ ऑगस्ट

चिमटे,

काकूचा आशीर्वाद. नातवाच्या वहीचं पान फाडून, त्यांच्याच पेनाने, त्यांच्याच दौतीतून लिहिते आहे. ते फिरायला गेलेत, तासभर येत नाहीत. चौकातल्या बाकावर बसून चपलांकडे बघत असतात.

महिना होऊन गेला, माणूस धड बोलत नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा शेजाऱ्यांना थांबवून थांबवून बगळा सांगत होते, मी म्हटलं आता पाववाल्यालाही सांगतील. तुरटीचं वाचून एवढे खट्टू नव्हते गं. "अरे वा, चोर घरातच होता" असं म्हणाले सुद्धा. पण पुढे "हा कागद कोणी केला" या ओळीपाशी आले आणि थांबले. ताटावरून उठले. तेव्हापासून हे असं.

त्यात काय आहे ते त्यांनीच तुला सांगायला हवं, मी सांगणार नाही. मलाही त्यांनी कधी सांगितलेलं नाही. एवढंच सांगते, की मी या घरात आले तेव्हा त्यांच्या अंगाला लगद्याचा आंबूस वास यायचा. मग एका वर्षी तो बंद झाला आणि सुतळीचा यायला लागला. बोटांवर सुतळीचे काप. निवृत्त होईपर्यंत, चोवीस वर्षं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि संसार झाला. आम्ही बायका नाकाने बरंच काही वाचतो.

तू त्यांना पुन्हा लिही. आणि जरा गोड लिही.

काकू


१६ ऑगस्ट

प्रिय काका,

काकूने मला पत्र लिहिलं. फितूर म्हणू नका तिला, तिने तुमचं काही फोडलं नाही. पण तिच्या पत्राने एक गोष्ट माझ्या डोळ्यांत बोट घालून दाखवली. तुमचं पेन, तुमची शाई, आणि अक्षरं कशी सुबक! एक कानासुद्धा पसरलेला नाही. म्हणजे इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्या पेनाला उगाच शिव्या दिल्या. दोष पेनाचा नाही, कागदाचा आहे.

मग मी तुमची सगळी पत्रं काढली. माझ्या दहाव्या वाढदिवसापासूनची आहेत माझ्याकडे, वीस वर्षांची. एकही पिवळं पडलेलं नाही. सगळ्या पत्रांचा कागद अर्धा कापलेला, आणि उजेडात धरला तर काहीच नाही. फक्त तुमच्या तेरा जूनच्या पत्रात, अगदी कडेला, एक पाय दिसला. बारीक, तीन बोटांचा. बगळा असाही एका पायावरच उभा राहतो, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला नाही.

माझ्या बाराव्या वाढदिवसाच्या पत्राच्या कोऱ्या कोपऱ्यावर मी दर्शकाचा थेंब टाकला. निळा. एकतीस नंबरइतकाच निळा. मग त्या वहीतून गळलेला दोऱ्याएवढा धागा घेऊन त्यावर आम्लाचा थेंब टाकला आणि भिंगातून पाहिलं, तर बारीक बारीक बुडबुडे. आम्ल पडल्यावर असं फसफसतं ते म्हणजे खडू. काका, त्या कागदात चिनी माती नाहीच, खडू आहे.

तो कागद तुम्हीच केलात ना? मग लपवता कशाला? अहो, साठ वह्यांत तेवढा एकच धडधाकट आहे.

तुमची,
चिमटी


२५ ऑगस्ट

चिमटी,

तू चिमट्याने धरलंस, आता सुटका नाही. सांगतो.

मी चौतीस वर्षांचा होतो. त्या आठवड्यात माझं तोंड आलं होतं. जिभेवर हे मोठाले फोड, पाणी प्यायलं तरी डोळ्यांत पाणी. पोती आली. रोज चाखणारा मी त्या दिवशी चाखली नाहीत. आठ वर्षांत एकदाच. आणि नेमकी ती पोती मातीची नव्हती, गोदामाच्या भिंती पांढऱ्या करायला आणलेली खडूची भुकटी होती. सहा पोती हौदात गेली.

वर तुरटी पडली मात्र, आणि हौद उतू गेला. दूध जातं तसा. फेस जमिनीवरून वाहत दारापर्यंत आला. मला तेव्हाच कळलं काय झालंय ते. यंत्र थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. फेस फळीने बाजूला काढत राहिलो, कुणाला कळू नये म्हणून. कागद निघाला तो इतका पांढरा की वाटलं, निभावलं. दोन पाळ्यांचा माल गेला बाहेर.

पंधरा दिवसांत तक्रारी आल्या. शाई फुटते. ज्याच्या कागदावर शाई फुटत नाही म्हणून नाव होतं, त्याच्या! मॅनेजरने एक ताव घेतला, मधोमध शाईचा थेंब टाकला, तो बशीएवढा पसरला. मग तो फाटकाजवळच्या फळ्यावर लावला आणि वर लिहिलं, "हा कागद कोणी केला?" महिनाभर होता तिथे. येणारा-जाणारा वाचायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला हौदावरून काढून बांधणीच्या खोलीत टाकलं. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदाचे गठ्ठे सुतळीने बांधले. परत आलेल्या मालातले दोन गठ्ठे मॅनेजरने माझ्या सायकलला लावून दिले, म्हणाले, घरी पत्रं लिहा. सगळे हसले. मी बगळा कापून टाकला, मिलची अब्रू पत्रापत्रातून कशाला फिरवा, आणि लिहीत बसलो. आपल्या हातचं टाकवत नाही.

घरी मी हौदवालाच राहिलो. तू मांडीवर बसून कागदाचा आवाज ऐकायचीस तेव्हा मी सुतळी सोडून आलेलो असायचो. तुझ्या पत्रात तीच ओळ, तशीच्या तशी. वाटलं, एवढ्या वर्षांनी फळा तुझ्या खोलीत लागला. तू सगळ्यांना सांगून बसलीस, माझे काका, माझे काका. आता त्यांना काय सांगशील? माझं जाऊ दे, तुझी मान खाली जायला नको.

आणि हे तुझं निळं-पिवळं. जो कागद मान वर करून केला तो मोडला, आणि ज्याने मान खाली घालायला लावली तो टिकला. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तू शिकलेली आहेस, तुला कळत असेल तर सांग.

तुझा,
काका

ता. क. हे पत्र काकूला वाचून दाखवलं. म्हणाली, "सुतळी मला ठाऊक होती. जेवायला चला."


२ सप्टेंबर

प्रिय काका,

सांगते. नीट बसा.

तुम्ही खडू टाकलात, वर तुरटी पडली आणि हौद फेसाळला. तो फेस म्हणजे तुमच्या हौदातलं आम्ल निकालात निघत होतं. खडू म्हणजे कार्बोनेट, तो आम्लाला भिडला की कर्बवायू सुटतो, म्हणून फसफस. आम्लाशिवाय तुरटीला राळ नीट बसवता आली नाही, म्हणून शाई फुटली. मॅनेजर खोटं बोलत नव्हते आणि चूक तुमचीच होती. तोंड आलं होतं तर दुसऱ्या कुणाला चाखायला सांगायचं होतं. आणि यंत्र थांबवायला हवं होतं हेही खरं. मी तुमची पुतणी आहे, वकील नाही.

पण पुढचं ऐका. सहा पोती खडू सगळा काही खर्ची पडला नाही. उरलेला कागदात तसाच राहिला आणि चव्वेचाळीस वर्षं पहाऱ्याला बसला. हवेतून आम्ल आलं, खडूने खाल्लं. पुन्हा आलं, पुन्हा खाल्लं. आणि आम्ही निवळीत बुडवून वाळवलेल्या पानात शेवटी काय उरतं माहीत आहे? चुना हवेतला कर्बवायू घेतो आणि त्याचा खडू होतो. आम्ही तीन जणी, मापं घेऊन, हातमोजे घालून, एकेका पानात चिमूट चिमूट जे भरतोय, ते तुम्ही पोत्यांनी भरलंत. एकतीस नंबरला निवळी द्यायची गरजच नाही.

तुमचं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, रागवा हवं तर. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "ज्या दिवशी काम चुकलं तो दिवस या माणसाला तासातासाने आठवतो. मला असे लोक खोलीत हवेत." काका, बाईंनी माझ्याबद्दल असं कधी म्हटलेलं नाही, मला जरा असूयाच वाटली.

आणि माझी मान कुठेही खाली गेलेली नाही. मला तुमचा आता जास्त अभिमान वाटतो. हौदावरच्या काकांना सगळेच मानायचे, त्यात मी काय वेगळं केलं? पण ज्या माणसाला फळ्यावर टांगलं तोच दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेला, चोवीस वर्षं दुसऱ्यांचा कागद नीट बांधून दिला, आणि घरी येऊन पुतणीला कागदाचा आवाज ऐकवला. तो आवाज तुम्ही कुठल्या कागदाचा ऐकवायचात, ते मला आत्ता कळतंय.

काल बाईंनी पुढच्या दालनातल्या काचेच्या कपाटात दोन वह्या उघडून ठेवल्या. डावीकडे तीस नंबर, तुकडे तुकडे. उजवीकडे एकतीस. तिच्यात सातशे बावीस मुलांचे जन्म आहेत आणि एकाही पानाचा कोपरा गेलेला नाही. मध्ये एक पाटी आहे, बाईंच्या हातची:

"हा कागद कोणी केला? एका हौदवाल्याने, त्याचं तोंड आलं होतं त्या दिवशी."

खाली नावाला जागा सोडली आहे. तुम्ही हो म्हणाल तर घालू. येणारे-जाणारे थांबून वाचतात, हसतात, मग वाकून पान बघतात आणि हसायचे थांबतात. त्या आजीही आल्या होत्या. त्यांच्या लेकीचं पान आम्ही निवळीतून काढून जोडलंय, ते बघायला.

एक मागणं आहे. बाकीच्या वह्यांना ठिगळं लावायला टिकाऊ कागद लागतो. तुमच्याकडे काही ताव उरले आहेत का?

तुमची,
चिमटी


११ सप्टेंबर

चिमटीबाई,

अनेक आशीर्वाद.

सोबत चाळीस ताव पाठवतो आहे. न कापलेले, बगळ्यासकट. गठ्ठा मी स्वतः बांधलाय, गाठ सोडून बघ, वाटेत ढिली पडली असेल तर नाव बदलीन. दहा ताव घरी ठेवून घेतले, तुझ्या वाढदिवसांना पुरतील.

पाटीवर नाव घालू नका. "हौदवाला" लिहिलंय तेवढं पुष्कळ झालं. चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा हौदावर रुजू झालो. पुढच्या महिन्यात काकूला घेऊन येतो, ती म्हणते पाटी वाचल्याशिवाय तिचा विश्वास बसणार नाही. बाईंना सांग, चहा बिनसाखरेचा.

बाकीच्या वह्यांतल्या बऱ्याचशा माझ्याच हातच्या आहेत, त्यांना सांभाळ. त्यांचा काही अपराध नाही, माझा हात सैल होता. आता तू निवळी देताना सैल ठेव.

हे लिहीत होतो तर काकू मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "पुन्हा शाई फुटतेय. कुणाचा एवढा रद्दड कागद घेऊन बसलाय?"

म्हटलं, माझा.

तुझा,
काका